मागचा वाफा

थिन विळा आणि टोपली घेऊन परसात उतरला, तशी लुआ चुलीपुढून उठून दाराशी आली. नवरा पुढच्या वाफ्याकडे वळतो की मागच्या, एवढंच तिला बघायचं होतं.

गावात सगळ्याच होमस्टेवाल्यांचे असतात तसे त्यांचेही मोहरीच्या पाल्याचे दोन वाफे होते. पुढचा पाहुण्यांचा. त्यावर कडक औषध मारलेलं, पानं टवटवीत, नावाला छिद्र नाही. खोल्यांमधले गोरे पाहुणे त्याचे फोटो काढायचे आणि जेवताना "काय ताजी भाजी आहे!" म्हणून माना डोलवायचे. मागचा वाफा डुकरांच्या खोपटाआड, घरच्यांपुरता. तिथे औषधाचा थेंब पडत नसे. अळ्यांनी पानांची चाळणी केलेली असे, पण घरचं माणूस तेवढंच खाई.

त्यांची मुलगी होआय सकाळीच सायगॉनहून आली होती. पोट लपण्याच्या पलीकडे गेलेलं, आणि लग्नाचा पत्ता नाही. "बाबा, बाळंत होईपर्यंत राहू द्या," एवढंच ती बोलली. थिन उठून बाहेर गेला. दिवसभर खोल्यांच्या चादरी धूत आणि वाळत घालत राहिला. तोंडाने बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावरच यायचं. त्याचं उत्तर आता वाफ्यावर कळणार होतं.

तो पुढच्या वाफ्याशी थांबला आणि वाकला. लुआ दारातूनच ओरडली.

"अहो, तिथे कालच फवारलंय!"

"ठाऊक आहे. मीच फवारलं."

"पोटुशी आहे हो ती."

"एवढे पाहुणे खाऊन जातात, मेलं का कुणी?" पाल्याने भरलेली टोपली आणून त्याने तिच्या हातात कोंबली. "आज जेवेल, उद्या जाईल."

लुआने मागच्या वाफ्याकडे पाहिलं. हाकेच्या अंतरावर होता. पण थिन दारातच सिगरेट पेटवून बसला, आणि त्याला ओलांडून जायची हिंमत तिला उभ्या जन्मात झाली नव्हती. तिने पानं पुन्हा पुन्हा धुतली. मग बारीक चिरून लसणावर परतली. चिरल्यावर छिद्र होतं की नव्हतं, कुणाला कळतंय? इतकी वर्षं शहरात राहिलेली पोर, कुठल्या वाफ्याचा पाला कुणाचा ते विसरली असेल. अशी मनाची समजूत घालताना तिला स्वतःचीच किळस आली.

चटईवर जेवण मांडलं. होआयने भाजीकडे पाहिलं. या घरात पाला कधी चिरत नसत, अख्खाच उकडत. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा दारातल्या बापाच्या पाठीकडे. मग नुसत्या भातावर फिश सॉस घालून खाऊ लागली.

लुआला ते बघवेना. लेकीला एकटीला परकी कशी होऊ द्यायची? तिने जेवायच्या काड्या उचलल्या आणि भाजीचा मोठा घास आपल्या वाडग्यात ओढला.

होआयने झटकन तिचा हात धरला.

"तू नको खाऊस, आई," ती हळूच म्हणाली. "ही आम्हा पाहुण्यांची आहे."