टाळी

परसात कडुनिंबाला चिमण्यांसाठी मडकी टांगली ती मी, अन् खाली खापरात रोज जोंधळे टाकते तीही मीच. त्या दिवशी दौऱ्यावरचे पोलिसांचे अमीनसाहेब आमच्याकडं उतरले. दाणे टिपणारे होले बघून ते आबांना म्हणाले, "पाटील, आज सालन इन्हीं का!" म्हणजे कालवण ह्या होल्यांचंच. आणि परसाकडच्या ओसरीवरूनच त्यांनी बंदूक रोखली. आबा नुसते हसले. अमलदाराला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. आईनं माझं मनगट धरलं. "गप ऱ्हा, मनकर्णे. पाव्हण्यांपुढं पोरीबाळी जात न्हाईत." पण मी शाळेत साऱ्या पोरांपुढं उर्दूचा धडा खणखणीत वाचणारी! हात सोडवला, परसात धावले आणि होले उडावेत म्हणून जोरात टाळी वाजवली. एकही उडाला नाही. उलट मडक्यांतून, फांद्यांवरून आणखी पाखरं भराभर खाली उतरली. तेव्हा माझी चूक ध्यानात आली: रोज दाणे टाकल्यावर त्यांना बोलवायला मी टाळीच वाजवते की! आता सगळी पाखरं माझ्या पायांशी, आणि बंदुकीची नळी आमच्या सगळ्यांवर. "सरक बाजूला! लई शानी झालीस का?" आबा ओरडले. मी तिथंच खाली बसले. एक होला तर माझ्या परकरावर चढला. साहेबांचा नेमासाठी मिटलेला डोळा बराच वेळ मिटलेलाच राहिला. मग तो हळूच उघडला. "पाटील," बंदूक खाली ठेवत ते म्हणाले, "घर में बेसन है?" पिठलं वाढायला पाव्हण्यांपुढं मीच गेले, आणि एक पळी जास्तच वाढली.