सहावा खंदक

एकाहत्तरची लढाई संपून अठरा दिवस झाले, आणि तहसील कचेरीतले औसेकर साहेब जीप घेऊन बिरोबाच्या वाडीत आले. खंदक बुजवायचा हुकूम त्यांच्या खिशात होता. जीपच्या मागच्या बाजूला चार मजूर फावडी, कुदळी घेऊन बसले होते.

वाडी सोलापूरपासून चार कोसांवर, अक्कलकोट रस्त्याला. शेजारच्या माळावर लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार, म्हणून लढाईच्या पहिल्याच दिवसांत वाडीला पाच खंदक काढायला सांगितले होते. वाडीनं सहा काढले.

पाच खंदक घरांच्या पुढ्यात होते, कागदावर दाखवल्यासारखे नागमोडी. सहावा शेवटच्या घरापासून निघून सुतासारखा सरळ माळात गेला होता. साहेब त्याच्या कडेकडेनं चालत गेले. चारशे पावलांवर तो अर्धवट थांबला होता. तोवर लढाई संपली आणि सरकारी अवजारं परत गेली. थोडं पुढं खुणेचे दगड ओळीनं उभे होते. त्यांच्याखालून कोठाराकडं पाण्याचा जाड नळ गेला होता.

"सरपंच, हा कुणी काढला?"

सरपंच हिंदुरावांनी टोपी सारखी केली. "बायकांनी, साहेब. सारजाबाईंनी सांगितलं आन् त्यांनी काढला. मला उशिरा कळलं."

सारजाबाई मागंच उभी होती. पंचायतीत दोन बायका घ्याव्या लागतात, म्हणून येडू धनगराच्या या विधवेला पंच केलं होतं. तिनं सभेला यावं, चहा प्यावा, अंगठा उठवावा, एवढंच तिच्याकडून हवं होतं. पण तिनं दोन वर्षांत तीन अर्ज लिहवून घेतले. वाडीची विहीर आटली आहे, कोठाराच्या नळाला आमच्यासाठी एक तोटी द्या. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही.

"बाई, सरळ खंदकात बाँबपासून कुणी वाचत नाही," साहेब म्हणाले. "हा खंदक नाहीच. हा पाण्यासाठी खणलेला चर आहे."

"व्हय," सारजाबाई म्हणाली. "चरच हाय."

ती नाकबूल करील असं साहेबांना वाटलं होतं. "देशाच्या संरक्षणाच्या नावाखाली तुम्ही..."

"वाडीचं संरक्षण करा, असं तुमीच सांगितलं की. पाच खंदक बाँबसाठी काढलं. बाँब काय आला न्हाय. तान रोज येती, साहेब."

"संध्याकाळच्या आत हा बुजला पाहिजे. नाहीतर खटला होईल. पंचपद जाईल, वर तुरुंगात बसाल."

हिंदुराव तिच्याजवळ सरकले. "सारजाबाई, ऐका माजं. पुन्यांदा अर्ज करू."

"चौथा?"



साहेबांनी मजुरांना खूण केली. फावडी मातीच्या ढिगाला लागली, तशी सारजाबाई लुगडं वर खोचून चरात उतरली. चर तिच्या कमरेइतका खोल होता. पहिली माती तिच्या पायांवर पडली. ती हलली नाही. मग काठावर जमलेल्या बायकांतली बजाबाई उतरली, तिच्यामागं गोजरबाई, मग एकेक करत सगळ्याच. चारशे पावलांच्या चरात जागोजाग बायका उभ्या राहिल्या.

मजुरांतला ईरप्पा दुधनीकडचा, वयानं मोठा. त्यानं फावडं खाली टेकवलं.

"टाक माती," साहेब ओरडले.

"चर बुजवायला आलोय, साहेब. माणसं पुरायला न्हाय."

साहेबांनी वही काढली. "बाई, पूर्ण नाव?"

"सारजाबाई येडू कोळेकर. फुडं पंच बी लिवा."

"पोलीस घेऊनच येतो," म्हणत साहेब जीपमध्ये बसले. मजूर तिथंच राहिले.

जीपचा धुरळा खाली बसला. सारजाबाईनं खुणेच्या दगडांकडं पाहिलं.

"ठाणं किती लांब हाय?" तिनं विचारलं.

"जाऊन येऊन दोन तास," हिंदुराव म्हणाले.

"आन् नळ?"

बजाबाईनं नजरेनं मोजलं. "बारा हात."

सारजाबाईनं ईरप्पाकडं हात केला. "कुदळ देतोस का, बाबा?"

ईरप्पानं कुदळ दिली नाही. ती घेऊन तो स्वतःच खाली उतरला. बाकीचे तिघे एकमेकांकडं बघत राहिले, मग तेही उतरले. बायका घमेली घ्यायला घरांकडं पळाल्या. हिंदुराव बराच वेळ काठावर उभे होते. शेवटी त्यांनी कोट काढून खुणेच्या दगडावर ठेवला.

दोन तास भरायच्या आत कुदळ लोखंडावर वाजली. ईरप्पानं हातांनी माती बाजूला सारली आणि ओणवं होऊन नळाला कान लावला.

"नीरू," तो कानडीत म्हणाला. मग मराठीत, "पाणी पळतंय, अव्वा."

गोजरबाईनं कान लावला. बजाबाईनं लावला. हसावं का रडावं ते तिला कळेना. तेवढ्यात वर जीप थांबली. साहेबांच्या मागून एक पोट सुटलेला जमादार आणि दोन शिपाई उतरले.

सारजाबाई चरातून वर आली नाही. तिचे केस, तोंड, लुगडं सगळं मातीनं भरलं होतं.

"बेड्या घाला, साहेब. चर बुजवायचा तर बुजवा," ती म्हणाली. "पर आदी हितं खाली या, आन् कान लावा."

साहेब जागचे हलले नाहीत. जमादारानं त्यांच्याकडं पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली. मग डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, चराच्या काठावर बसला, आणि एक पाय खाली सोडला.