बँकेचा आवाज

“आई, औषध घे,” कुमुद म्हणाली.

“कोण बाई तुम्ही?” अंध, विसराळू आई माणसं आवाजावरूनच ओळखायची.

कर्करोगामुळे कुमुदचं स्वरयंत्र काढलं, तेव्हा एका कंपनीने तिचाच आवाज गळ्यातल्या यंत्रात भरून दिला होता. पुढे कंपनीने तो ग्राहकांच्या फोनना उत्तरं देण्यासाठी एका बँकेला विकला. आवाजावर फक्त बँकेचा हक्क, असा न्यायालयाने निकाल दिला आणि कालपासून यंत्रातून परकीच बाई बोलू लागली.

“मीच कुमुद गं.”

“थट्टा नका करू. लेकीचा आवाज कळत नाही होय मला?” आईने तोंड फिरवलं.

कुमुदने बँकेला फोन लावून तो आईच्या कानाशी धरला. “नमस्कार, मी आपली काय मदत करू?”

आईचा चेहरा उजळला. “कुमुद, घरी कधी येतेस गं?”

शेजारी बसलेली कुमुद फोन तसाच धरून राहिली.