तीन नंबरची भूक

प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या तीन नंबरच्या मशीनपाशी गजराबाईची पाचावर धारण बसली होती. वीज वाचवायला आणलेल्या नव्या कॉम्प्युटरला विजेचा सांडलेला थेंबही दिसायचा म्हणे, अन् त्यानं तिचंच मशीन पकडलं.

"रोज जेवणाआधी हे जादा वीज खातं," इंजिनिअर मालकांना म्हणाला. "भंगारात काढा."

मशीन गेलं की गजराबाईही घरी. खरं सांगावं तर वीजचोर ठरणार. तिनं मशीनमागं हात घातला आणि प्लास्टिक वितळवणाऱ्या तापलेल्या नळीवरून आपला डबा काढला.

"मशीनचा दोष नाही, मालक. कालवण ऊन करायला मीच ठेवते."

"एवढ्याशा डब्यानं एवढी वीज?" इंजिनिअरनं वाकून पाहिलं. मागं आणखी एक डबा होता, चांगला चार पुडांचा.

मालक खाकरले. "तो राहू दे. अजून तापला नसेल."