आजी आज हसल्या

"साहेब, तुम्ही माझी आई पळवलीत."

सभागृहात खसखस पिकली. "ह्या वयात कोण पळवतंय गं तिला?" मागून कुणीतरी म्हणालं.

आकडेवाल्या साहेबांची छडी तक्त्यावरच थांबली. तक्त्यावर जीडीपीची रेघ डोंगर चढत होती. वर्षभरात देशात जे जे पैसे देऊन होतं त्याची बेरीज म्हणजे ही रेघ, असं ते आत्ताच सांगत होते. समोर घरोघर म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या बाया. त्यांच्यामुळे रेघ वर गेली म्हणून सत्कार होता.

बोलणारी तिसऱ्या रांगेतली. आधी ती घरीच असायची, अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी. मग कोण काय काम करतं ते लिहून घेणारा सरकारी मोजणीवाला आला.

"काम काय करता?"

"आईचं सगळं करते."

"ते नाही हो. काम, काम!"

त्याने 'काही नाही' लिहिलं. काम नाही म्हणून आईच्या औषधांचं कार्ड बंद झालं.

मग ती संस्थेत लागली. नदीपलीकडच्या एका म्हातारीला न्हाऊमाखू घालू लागली. स्वतःच्या आईला त्याच संस्थेची बाई लावली. पगार एका हाताने यायचा, दुसऱ्या हाताने जायचा. कार्ड तेवढं चालू झालं. कोण कुणाच्या घरी जातं, याबाबत संस्था ताकास तूर लागू देत नसे.

ती निघायची तेव्हा आई झोपलेली. परतायची तेव्हा गोळी घेऊन पुन्हा झोपलेली. ती बाई तिच्यानंतर यायची, तिच्याआधी जायची; उशाशी फक्त तिची वही. दिवसभरातलं सगळं लिहायचं, असा नियम. चप्पलही न काढता ती वाचायची. 'केस विंचरले. आजी आज हसल्या.' कशी हसली? पूर्वीसारखा तोंडावर पदर धरून? वहीत ते नसायचं.

आज सगळ्यांना वह्या आणायला सांगितलं होतं. मघाशी शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या मांडीवर तिला ती वही दिसली. आईच्या उशाची, तीच. आणि त्या बाईने तिच्या हातातली वही पाहून तोंडावर हात दाबला.

"अगं बाई! म्हणजे माझी आई तुमच्याकडे?"

"आणि माझी तुमच्याकडे!"

आता दोघी उभ्या होत्या.

"साहेब, आमची अदलाबदल करा. मला माझ्या आईकडे पाठवा, ह्यांना ह्यांच्या."

साहेब समजुतीने हसले. "स्वतःच्या आईचं करणं हे काम नव्हे, बाई. ते मोजत नाहीत. सगळ्याच घरी बसलात तर ही रेघ खाली येईल."

तिने शेजारणीच्या मांडीवरची वही घेतली. कालचं पान उघडलं. मोठ्याने वाचलं.

"'आज आजींनी मला लेकीच्या नावाने हाक मारली.'"

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही हाक माझी होती, साहेब. ती तुम्ही कशात धरलीत? अधिक की उणे? बोला."