जपणूक

"दार आपटू नकोस! बाबा दचकतात, कितीदा सांगायचं?" ती मुलीवर दबक्या आवाजात खेकसली.

मुलगी पाय न वाजवता आत गेली. खिडकीशी पेपर वाचणाऱ्या नवऱ्याने मानही वर केली नाही.

तो अग्निशमन दलात होता. गोदामाच्या आगीत छप्पर कोसळलं. त्याला बाहेर ओढता आलं, त्याच्या सोबतच्या जवानाला नाही. मृत्यूचा निरोप घेऊन घरी आलेल्या माणसाने गडबडीत याचंच नाव घेतलं होतं. चूक कळेपर्यंत तास गेला. तिने त्या तासाबद्दल पुढे कुणाकडे चकार शब्द काढला नाही. जीव वाचला होता, आता त्याला जपायचं होतं.

सुरुवातीला तो झोपेत किंचाळायचा, घामाने निथळत उठायचा. मग तिने घराची घडीच बदलली. तो घरात असताना शेगडी पेटवायची नाही. दारावरची घंटा काढून टाकली. पाहुणेरावळे बंद, मुलीच्या मैत्रिणी बंद. तो कोपऱ्यावर गेला तरी ती गॅलरीत उभी. दर गुरुवारी तो दलाच्या कार्यालयात म्हणून जायचा, तेव्हा परत येईपर्यंत ती तिथून हलायची नाही.

"अगं, एकदा वाफाळता चहा कर ना," तो म्हणायचा.

"नको. तुला सोसायचं नाही."

"मला चालेल गं."

"तुला कळत नाही."

तो हसून थर्मासमधला कोमट चहा घशाखाली ढकलायचा. माणूस आतल्या आत कुढतोय, तिला वाटायचं.

म्हणून एका दुपारी तो आपणहून बोलला तेव्हा तिचा कानांवर विश्वास बसेना.

"दवाखान्यात आपल्यासारख्यांची बैठक भरते. जाऊ या?"

"तू येशील?"

"तू असशील तर."

तिला रडूच फुटलं. सुटलो एकदाचे!

दवाखान्यात कुणालाही न विचारता तो जिना चढून वर गेला. ती मागोमाग. दारातून गोलाकार मांडलेल्या खुर्च्या दिसल्या. तेवढ्यात आत एक खुर्ची धाडकन पडली. तिने त्याचा दंड गच्च आवळला.

"घाबरू नकोस," ती कुजबुजली, "मी आहे."

"हो," तो म्हणाला. त्याचा हात स्थिर होता.

समुपदेशक बाई उठून पुढे आल्या आणि त्याच्याकडे बघून ओळखीचं हसल्या.

"वर्षभर ज्यांच्यासाठी तुमचा जीव तुटत होता, त्या ह्याच ना?" त्यांनी विचारलं. मग रिकामी खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "या ताई. कधीची वाट बघतोय आम्ही तुमची."