हजारातला एक

नव्या औषधाचा एकेक रेणू लेझरच्या चिमटीत धरून ताणायचा, सोडायचा आणि तो पुन्हा नीट घडी घालून बसतो का ते बघायचं, हे तिचं काम. नऊशे नव्व्याण्णव शहाण्यासारखे बसले. एक मात्र वाकडा वळला, आणि त्याने शेजारच्यालाही आपल्यासारखंच वाकवलं. वाण नाही पण गुण लागला. ती धावतच सरांच्या खोलीत गेली.

"हजारात एकच ना?" सर हसले. "अगं, तांदळातही एखादा खडा निघतोच."

"सर, एका इंजेक्शनात अब्जावधी रेणू जातात. त्यातले वाकडे किती होतील?"

सरांचं हसू मावळलं. ते उठले, दार लावून घेतलं.

"आमच्या हिला," ते म्हणाले, "काल मीच टोचलंय."